आयटीतला माणूस कामगारच असतो

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात आणि पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमधल्या आमच्या घरात जेवणाची वेळ बदलते. आमच्या टीमचा क्लायंट न्यू जर्सीचा. रोजचा कॉल त्यांच्या सकाळी साडेदहाचा. उन्हाळ्यात तो आपल्याकडे रात्री आठला येतो, नोव्हेंबरपासून नऊला. माझे वडील, अण्णा, माझ्याकडेच असतात. त्यांना जेवणाआधी इन्शुलिन घ्यावं लागतं, आणि मी पानावर बसल्याशिवाय ते जेवत नाहीत. त्यामुळे वर्षातून दोनदा त्यांच्या सुईची वेळ बदलते.

पाळ्यांचं अण्णांना नवल नाही. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी टर्नर म्हणून एकतीस वर्षं काढली. पहिली, दुसरी, तिसरी, दर आठवड्याला वेगळी पाळी. मागच्या नोव्हेंबरात मी सांगितलं, "अण्णा, उद्यापासून कॉल नऊला." ते म्हणाले, "रात्रपाळीला आम्हाला भत्ता असायचा. तुम्हाला काय देतात गं?"

मी गप्प राहिले. या क्षेत्रात एकवीस वर्षं काढली, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. विचारायला हवा होता हेसुद्धा त्या रात्रीपर्यंत जाणवलं नव्हतं.

आयटी कंपनीतली नोकरी चांगली की वाईट, हा वाद आमच्याकडे लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या बाकापर्यंत सगळीकडे चालतो. पगार बघणारे एक बाजू घेतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघणारे दुसरी. मला वाटतं, या नोकरीने जे दिलं ते खरोखर मोठं आहे, आणि ते नाकारणं हा कृतघ्नपणा होईल. तिच्यातलं सगळ्यात मोठं उणं मात्र जागरणापेक्षा आणि वाकडच्या ट्रॅफिकपेक्षा खोल आहे. इथे राबणारा माणूस स्वतःला कामगार मानत नाही. म्हणून ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी तो एकटा असतो.

आधी जे मिळालं त्याबद्दल.

मी २००४ मध्ये इंजिनिअर झाले. वसंतदादा पाटलांच्या काळात, १९८३ पासून, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या लाटेत उभ्या राहिलेल्या एका कॉलेजात मी शिकले. ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. वर्गातल्या साठ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी त्याआधी कोणी पदवीधर नव्हतं. लातूरच्या एका मुलाची आई भाजी विकायची. मंगळवेढ्याच्या एका मुलीचे वडील सालगडी होते. शेवटच्या वर्षी एक मोठी आयटी कंपनी कॅम्पसला आली. अ‍ॅप्टिट्यूडची लेखी परीक्षा, मग दोन मुलाखती, आणि संध्याकाळी नोटीस बोर्डावर एकवीस नावं. कोणाचा मामा आमदार आहे हे कोणी विचारलं नाही, कोणाकडे डोनेशन मागितलं नाही. मेकॅनिकलची, सिव्हिलची मुलंसुद्धा घेतली. आधी चार महिने पगार देऊन शिकवलं आणि मग कामाला लावलं.

याचं मोल कळायला महाराष्ट्रातल्या इतर नोकऱ्यांकडे बघावं लागतं. माझी चुलतबहीण डी.एड. झाली. संस्थेत जागा मिळवण्यासाठी तिच्या सासऱ्यांनी काय विकलं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लागल्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन वर्षानुवर्षं महिना ६,००० रुपये होतं, २०२३ मध्ये ते १६,००० झालं. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे पीएच.डी. झालेले मित्र सुट्टीच्या महिन्यांत उधारीवर जगतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली मुलं एमपीएससीच्या पुढच्या जाहिरातीची वाट बघत बसलेली असतात. या सगळ्याच्या शेजारी ठेवून पाहिलं की आयटीतला पहिला पगार, ठरल्या तारखेला, पूर्ण, बँकेत जमा झालेला, काय चीज होती ते समजतं. लातूरच्या त्या मुलाने पहिल्या वर्षी घरावर स्लॅब टाकला आणि तिसऱ्या वर्षी बहिणीचं लग्न कर्ज न काढता केलं.

बायकांना या क्षेत्राने जे दिलं त्यावर मी पानंच्या पानं लिहू शकते. आयटी कंपन्यांच्या नॅसकॉम या संस्थेच्या आकड्यांनुसार देशात या उद्योगात ५० लाखांहून जास्त माणसं आहेत आणि त्यांत बायका एक तृतीयांशाहून अधिक. खाजगी क्षेत्रातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या उद्योगात असं चित्र पटकन सापडणार नाही. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा कायद्याने २०१७ मध्ये आली. ती कुरकुर न करता देणारी ठिकाणं मी इथेच पाहिली. रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीला कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते आणि सोबत सुरक्षारक्षक असतो. ही सोय फुकट आलेली नाही. २००७ आणि २००९ मध्ये पुण्यात या क्षेत्रातल्या दोन तरुणींना ड्रायव्हरांच्याच हातून जीव गमवावा लागला. त्यानंतर गाड्यांचे नियम कडक झाले. आजही रात्री गाडीत बसताना मला त्या दोघींची आठवण येते.

आणि मेडिक्लेम. बाहेरच्यांना याचं महत्त्व लक्षात येत नाही. कंपनीच्या गटविम्यात आईवडिलांना घेता येतं, आणि आधीपासूनचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. आईच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचं बिल आलं तेव्हा मी फक्त सही केली होती. अण्णांच्या पिढीत असं बिल आलं की सोनं निघायचं, नाहीतर जमीन.

कामाबद्दलही सांगायला हवं, कारण आमचं काम बाहेरून दिसत नाही. माणूस पडद्याकडे बघत बसलेला दिसतो, एवढंच. बँकेच्या व्यवहारात दर महिन्याच्या शेवटी काही पैशांचा फरक येतोय, तीन टीम आठ दिवस शोधताहेत, आणि रात्री दीड वाजता कोणाच्या तरी लक्षात येतं की एका ठिकाणी रक्कम आधी पूर्णांकात नेली जाते आणि मग व्याज लावलं जातं. ती ओळ बदलायची, चाचणी चालवायची, हिरवी खूण यायची. अण्णा लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप जुळवायचे. त्या समाधानाबद्दल ते जे बोलतात तेच मला या क्षणाबद्दल वाटतं. आमच्या दोघांच्या कामात मला फरक दिसतो तो फक्त हत्यारांचा.

फरक आहे तो हक्कांचा. अण्णांच्या कारखान्यात दर तीन वर्षांनी वेतनकरार व्हायचा. कराराआधी गेटवर सभा, मग बोलणी, कधी ताणाताणी, आणि करार झाला की आमच्या यमुनानगरच्या घरी पेढे यायचे. लहानपणी मला वाटायचं पगारवाढ हा सण आहे. माझी पगारवाढ ईमेलने येते. तिच्यावर 'गोपनीय' लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला किती मिळाली हे विचारणं शिष्टाचाराला सोडून मानलं जातं. वरचे सांगतात, अमुक टक्के लोकांना वरची श्रेणी, अमुक टक्क्यांना खालची. टीममधल्या दहाही जणांनी जीव तोडून काम केलं तरी एक-दोघांना खालच्या खान्यात टाकावं लागतं. मी स्वतः अशी यादी केली आहे. नवरा आजारी असल्याने ज्या मुलीने त्या तिमाहीत रजा घेतली होती तिचं नाव मी खाली लिहिलं, कारण कोणाचं तरी लिहावं लागणार होतं. ते मला अजून टोचतं.

पगाराचाही हिशेब मांडते. सेवा पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत नवख्याला २००८ ते १० च्या सुमारास वर्षाला तीन ते सव्वातीन लाख मिळायचे. आज साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. पंधरा वर्षांत घरभाडं, पेट्रोल, डाळ कुठे गेली हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आणि हे आकडे सीटीसीचे, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचे. त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी धरलेला असतो, विम्याचा हप्ता धरलेला असतो आणि ग्रॅच्युइटीसुद्धा. कायद्याप्रमाणे कायम नोकराला ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. या क्षेत्रातली बहुतेक पोरं तीन-साडेतीन वर्षांत कंपनी बदलतात. म्हणजे पगारपत्रकात दाखवलेला तो पैसा त्यांच्या हातात कधीच पडत नाही. बाजारात कोणी वजनात असं धरलं असतं तर आपण तराजू तपासला असता.

नोटीसचे नव्वद दिवस हा दुसरा जाच. तुम्हाला जायचं असेल तर तीन महिने थांबा, नाहीतर तेवढे पैसे भरा. नवी कंपनी तीन महिने थांबत नाही, त्यामुळे हातातली संधी जाते. मात्र तुम्हाला काढायचं असेल तर एक दुपार पुरते.

तब्येतीबद्दल फार लांबवत नाही. हैदराबादमधल्या आयटी कर्मचाऱ्यांची तपासणी करून २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३४५ जणांपैकी ८४ टक्क्यांच्या यकृतात जादा चरबी सापडली. बसून काम, अवेळी जेवण, अपुरी झोप. आमच्या मजल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी तिशीतली मुलं आहेत. हिंजवडीच्या रस्त्यांबद्दल तर किती लिहून झालं आहे. देशाला डॉलर मिळवून देणारा हा परिसर वर्षानुवर्षं ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहिला, शिवाजीनगरपर्यंतच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि मग मुदतीमागून मुदती गेल्या. या गोष्टी सुधारता येण्यासारख्या आहेत, आणि कधी ना कधी सुधारतील.

मला खरी भीती त्या खोलीची वाटते.

ही हकीकत माझ्या जुन्या सहकाऱ्याची आहे. वय शेहेचाळीस, एकाच कंपनीत अठरा वर्षं, टेस्टिंगमधला निष्णात माणूस. त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि तो बेंचवर आला. आमच्या धंद्यात क्लायंटकडून ज्याच्या तासांचे पैसे येतात तो बिलेबल, आणि ज्याचे येत नाहीत तो बेंचवर. बेंच म्हणजे ओझं. त्याने आठ प्रोजेक्टांत मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, की या अनुभवाच्या माणसाचं बजेट नाही. बाविसाव्या वर्षाच्या तीन पोरांना मिळून जेवढा पगार तेवढा त्याच्या एकट्याचा. एका मंगळवारी दुपारी त्याला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरच्या दोन व्यक्ती होत्या. फोन बाहेर ठेवायला सांगितला. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, राजीनाम्याचं पान समोर. त्याला सांगितलं, आत्ता राजीनामा भरलास तर दोन महिन्यांचा बेसिक पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. भरला नाहीस तर उद्या आम्ही काढू, आणि पुढच्या कंपनीने तुझी चौकशी केली की तेच लिहून येईल. बायकोला फोन करू का, असं त्याने विचारलं. नंतर करा, म्हणाले. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याचं ओळखपत्र गेटवर चालत नव्हतं. रखवालदाराने दार उघडून दिलं.

संध्याकाळी त्याने मला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मी राजीनामा दिला." मला काढलं, असं तो म्हणाला नाही. कायद्याच्या दृष्टीने सगळा खेळ याच दोन वाक्यांतल्या फरकात आहे.

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यातली मूळ तत्त्वं २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आली आहेत. कामगाराला कमी करायचं असेल तर एक महिन्याची नोटीस द्या किंवा तेवढा पगार. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्या. अठरा वर्षांचे पंधरा-पंधरा दिवस, म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांचा पगार. माझ्या मित्राला दोन महिन्यांचा बेसिक देऊन मोकळं केलं. आणखी एक तत्त्व त्याच कायद्यात आहे. एकाच प्रकारच्या कामावरची माणसं कमी करायची तर सर्वसाधारणपणे जो शेवटी आला त्याला आधी कमी करावं. आमच्याकडे उलटं चालतं. जो आधी आला, ज्याचा पगार वाढला, ज्याच्या मुलीची बारावी आहे आणि घराचे हप्ते बारा वर्षं बाकी आहेत, तो आधी जातो. पण त्याने राजीनामा दिलेला असल्यामुळे कपात झालीच नाही, आणि कपात नाही म्हणून भरपाईही नाही. कंपनीच्या तिमाही अहवालात तो 'स्वतःहून सोडून गेलेल्यां'च्या टक्केवारीत मोजला जातो.

यावर नेहमीचं उत्तर असतं, की सॉफ्टवेअर इंजिनिअर कुठे कामगार असतो? तो एक्झिक्युटिव्ह आहे, मॅनेजर आहे. कायद्यातली कामगाराची व्याख्या वाचावी. अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी, असं काम करणारा तो कामगार. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा तो नव्हे. कोड लिहिणं, तपासणं, सर्व्हर चालू ठेवणं हे तांत्रिक काम नसेल तर मग तांत्रिक काम म्हणजे काय? पदाचं नाव काय आहे यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय करतो हे बघायचं, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. माझ्या हाताखाली 'मॅनेजर' पदाचे तिघे जण होते. त्यांपैकी एकालाही दुसऱ्याची एक दिवसाची रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता. तामिळनाडू सरकारने तर २०१६ मध्ये स्पष्टच केलं, की आयटीतल्या कर्मचाऱ्यांना कामगार कायदे लागू आहेत आणि त्यांना संघटना करता येते. कर्नाटकात २०१७ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांची संघटना रीतसर नोंदली गेली. पुण्यात नाइट्ससारखी संघटना कामगार खात्याकडे तक्रारी घेऊन जाते. दारं उघडी आहेत. आमच्यातले फार थोडे त्या दारांतून आत जातात.

का जात नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण मीही गेले नव्हते. पहिलं कारण लाज. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं ते निळा युनिफॉर्म अंगावर यायला नको म्हणून. युनियनचं नाव घेतलं की आपण पुन्हा त्या गेटवर उभे राहू, असं वाटतं. दुसरं कारण खोट्या आशेचं. प्रत्येकाला वाटतं मी हुशार आहे, ही वेळ दुसऱ्यावर येईल. पोरं उड्या मारून पगार दुप्पट करतात आणि बाजार चांगला असेपर्यंत ती चूकही नसतात. २०२१-२२ मध्ये एकेकाच्या हातात चार-चार ऑफर होत्या. त्या वर्षी मी कोणाला हे सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं.

आणि तिसरं कारण, ज्याचा आदर करूनच उत्तर द्यायला हवं. महाराष्ट्राने संप पाहिले आहेत. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि गिरणगाव त्यातून परत उठलं नाही. पुण्यात १९८९ चं टेल्कोचं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचं, आंदोलन झालं. शनिवारवाड्यासमोरचं उपोषण पोलिसांनी मोडलं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक घराला आठवतं. अण्णा टेल्कोत नव्हते, पण त्या दिवसांत ते रात्री झोपत नसत. तेव्हा कोणी म्हणालं, की युनियन आली तर क्लायंट फिलिपिन्सला जाईल, पोलंडला जाईल, तर ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमचं काम खरंच एका केबलवरून इकडचं तिकडे जाऊ शकतं.

पण संघटना म्हणजे फक्त बेमुदत संप, हे समीकरण आपण गिरणगावाच्या दुःखातून मनात घट्ट करून घेतलं आहे. शेजारच्या बँकेत जाऊन बघा. तिथला कर्मचारी इस्त्रीचा शर्ट घालतो, संगणकावर काम करतो, त्याच्या मुलाला तो कामगाराचा मुलगा वाटत नाही. तरीही त्याची संघटना १९४६ पासून आहे आणि १९६६ पासून बँकांचे द्विपक्षीय करार होत आले आहेत. पगार, रजा, कामाचे तास, बदल्या, सगळं त्यात लिहिलेलं. बँका त्यामुळे बुडाल्या नाहीत. त्या बँकांची सॉफ्टवेअरं आम्ही लिहितो. ती वापरणाऱ्याला करार आहे आणि लिहिणाऱ्याला नाही.

हे आत्ताच का बोलते, तर पायाखालची जमीन हलते आहे. आमचा धंदा उभा होता माणशी दरावर. वर एक अनुभवी, त्याखाली तीन मधले, त्याखाली दहा नवखे, आणि प्रत्येक डोक्यामागे क्लायंटकडून डॉलर. आता कोड लिहिणारी एआयची साधनं आली आहेत. मी ती रोज वापरते. ज्या कामाला दोन नवख्यांना आठवडा लागायचा ते एक अनुभवी माणूस दीड दिवसात करतो, आणि ते बघताना मला आनंदही होतो आणि पोटात गोळाही येतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. आयटीत सगळ्यात स्थिर समजली जाणारी ही नोकरी. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत नेहमीसारखी गर्दी होती, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ऑनसाइटचं, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जाऊन काम करण्याचं, दारही अरुंद झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. जे आधीच तिथे आहेत त्यांची नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा गाशा गुंडाळायचा. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली माझी मैत्रीण पाच वर्षांपूर्वी मला सांगायची, तू इथे ये. हल्ली ती विचारते, परत आले तर पुण्यात माझ्या वयाला कोणी घेईल का.

यंत्र आलं म्हणून माणूस कमी होणारच नाही, असा हट्ट मी धरणार नाही. अण्णांच्या कारखान्यातही संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं आणि लेथ कमी झाले. पण तिथे ते कराराच्या टेबलावर आलं. कोणाला नव्या मशीनचं शिक्षण द्यायचं, कोणाला स्वेच्छानिवृत्तीत किती द्यायचं, हे बोलून ठरलं. अण्णा पन्नाशीत ते मशीन शिकले. आमच्याकडे टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या असतात, त्या एचआरच्या. तिसऱ्या खुर्चीवर बसणारा एकटा असतो आणि त्याचा फोन बाहेर ठेवलेला असतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांतल्या एकीनेही कुठला क्लायंट पोलंडला जाणार नाही. बंद खोलीत घेतलेला राजीनामा सात दिवस पक्का धरू नये, त्या सात दिवसांत माणसाला घरी बोलता यावं, वकिलाला विचारता यावं, आणि तो मागे घेता यावा. कामगार खात्याने हे नियमात लिहावं. नोटीस दोन्हीकडून सारखीच असावी, नव्वद तर नव्वद, तीस तर तीस. नोकरी गेल्यावर निदान सहा महिने कुटुंबाचा आरोग्यविमा चालू राहावा, कारण मधुमेही बापाला नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही इन्शुलिन लागतं. रात्री नऊनंतरच्या कॉलची नोंद टाइमशीटमध्ये व्हावी. क्लायंटच्या बिलासाठी आम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब देतो, तो आमच्यासाठीही धरावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट मोबदला लिहिलेला आहे. व्यवस्थापकीय पदांना त्यातून वगळलं आहे, आणि म्हणूनच आमच्याकडे बाविसाव्या वर्षीही भारदस्त पदं वाटली जातात. आणि सगळ्यात आधी, आम्ही एकमेकांना आपले पगार सांगावेत. याला कायदा लागत नाही. मी या वर्षी माझ्या टीमला माझा सांगितला. पहिल्यांदा सगळे गोंधळले. मग कळलं, की सारखंच काम करणाऱ्या दोघांत सव्वादोन लाखांचा फरक आहे, आणि कमी मिळणारी मुलगी आहे. ती आता तो फरक मागते आहे.

संघटनेचं सदस्यत्व मी मित्राच्या त्या फोननंतर दोन महिन्यांनी घेतलं. वर्गणी किरकोळ आहे. पहिल्या बैठकीला आम्ही चौदा जण होतो, औंधमधल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. सगळे दाराकडे बघून बोलत होते. चौथ्या बैठकीला एक्केचाळीस आले.

गेल्या महिन्यात भावाचा मुलगा पेढे घेऊन आला. कॅम्पसमधून ऑफर मिळाली, तीन लाख साठ हजार. "आत्या, घेऊ ना?" मी म्हटलं, घे. मनापासून म्हटलं. शीक, कमव, आईला मेडिक्लेममध्ये टाक. पत्र पंधरा पानांचं होतं. अण्णांनी भिंग मागितलं आणि त्याच्याकडून एकेक ओळ मराठीत करून घेत ते सगळं वाचून काढलं. तास गेला. शेवटी म्हणाले, "पगार आहे, दंड आहेत, बाँड आहे. यात कामाचे तास कुठे आहेत?" भाच्याने पानं मागे-पुढे केली. नवव्या पानावर एक ओळ सापडली, की कामाची वेळ प्रोजेक्टच्या गरजेप्रमाणे राहील. अण्णांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली. त्याने त्या ओळीखाली रेघ मारली, आणि तिथेच जमिनीवर बसून एचआरला विचारायचा मेल लिहायला घेतला. एक शब्द अडला तेव्हा त्याने मला विचारलं नाही, आजोबांना विचारलं.